उलट्या दिशेचे बाण

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. चालू यंत्राला नवे उपकरण जोडल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमने काय करावे, याची तू काढलेली आकृती नेटकी आहे. परंतु तिच्यातले सगळे बाण एकाच दिशेचे आहेत. उपकरण येते, ओळखले जाते, त्याला ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, मिळतो आणि आकृती संपते. ते निघून जाते तेव्हा काय होते, याला तू जागाच ठेवलेली नाहीस, आणि माझ्या मते आखणीला सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती.

येण्याची बाजू हार्डवेअरने पुष्कळशी सोपी करून ठेवलेली असते. यूएसबीच्या चपट्या प्लगमध्ये डोकावून पाहा: विजेच्या कडेच्या दोन पट्ट्या मधल्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा लांब असतात, त्यामुळे वीज आधी पोहोचते आणि डेटाच्या तारा नंतर टेकतात. उपकरणातला दीड किलोओहमचा रेझिस्टर त्यांतली एक तार वर खेचतो, आणि कोणी आल्याचे हबला, म्हणजे पोर्ट सांभाळणाऱ्या भागाला, कळते. घालताना संपर्क तुटत-जुळत राहतो, म्हणून जोडणी सलग १०० मिलिसेकंद स्थिर दिसेपर्यंत थांबायचे आणि मगच पोर्ट रीसेट करायचा. रीसेटनंतर प्रत्येक उपकरण शून्य या पत्त्यावरच उत्तर देते. तुझ्या आकृतीत एकाच बसवरचे, म्हणजे एकाच सामाईक मार्गावरचे, दोन पोर्ट एकदम रीसेट होतात, म्हणजे दोन उपकरणे एकाच पत्त्यावर उत्तर देतील; तेवढे आधी दुरुस्त कर.

जाण्याची बाजू मला माझ्याच चुकीने शिकवली. माझ्या पहिल्या ड्रायव्हरमध्ये कार्डाचा ‘व्यग्र’ बिट शून्य होईपर्यंत मी लूपमध्ये वाट पाहत असे. पीसीआय एक्स्प्रेसचे कार्ड चालू असताना कोणी उपटले, तर त्याचे रजिस्टर, म्हणजे कार्डाची स्थिती सांगणारा आकड्यांचा कप्पा, वाचणाऱ्याला बहुधा त्रुटी कळवली जात नाही; सगळे बिट एक असलेला आकडा परत येतो, आणि तो एखाद्या खऱ्या उत्तरासारखाच दिसतो. माझा बिट शून्य झाला नाही, लूप संपला नाही, आणि हातातले लॉक (इतरांना थांबवून ठेवणारे कुलूप) न सोडता बसलेल्या त्या ड्रायव्हरने सारे यंत्र गोठवले. तेव्हापासून मी प्रत्येक प्रतीक्षेला मुदत घालते.

उपकरण जाणे आणि त्याची कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, नोंद पुसणे या दोन निराळ्या घटना आहेत, हे तुझ्या कोडमध्ये कुठेच दिसत नाही. केबल निघाली तरी एखाद्या प्रोग्रॅमने फाईल उघडी धरलेली असते. नोंद लगेच पुसलीस तर तिचा पत्ता धरून असलेला पॉइंटर मोकळ्या मेमरीकडे बोट दाखवत राहील. म्हणून नोंदीला ‘गेले’ अशी खूण करायची, नवी कामे परतवायची, आणि शेवटच्या धारकाने सोडल्यावरच ती जागा मोकळी करायची.

मेमरीच्या बाबतीत तर काढण्याचा निर्णय जोडतानाच होऊन जातो. एक्स८६-६४ जातीच्या प्रोसेसरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालू यंत्राला जोडलेली नवी मेमरी साधारणपणे किमान १२८ मेगाबाइटच्या तुकड्यांत घेतो, म्हणजे ४ किलोबाइटची ३२,७६८ पाने. त्यांतल्या एका पानावर जरी कर्नलने स्वतःची न हलवता येणारी रचना मांडली, तरी अख्खा तुकडा अडकतो, कारण प्रोग्रॅमची पाने दुसरीकडे नेता येतात, कर्नलची बहुतेक पाने नेता येत नाहीत. यासाठी तिथे हलवता येणाऱ्या पानांचा वेगळा झोन राखून ठेवण्याची सोय आहे, आणि नवी मेमरी त्यात घालायची की नाही हे तिच्या येण्याच्या क्षणीच ठरवावे लागते. चालू यंत्रातून प्रोसेसर काढणे त्या मानाने सरळ आहे: चालू होताना जितक्या पायऱ्या चढला तितक्याच उलट क्रमाने उतरवायचा. लिनक्समध्ये २०१६ साली ही पायऱ्यांच्या जोड्यांची पद्धत येऊ लागली.

पुढच्या प्रतीत प्रत्येक बाणाशेजारी उलटा बाण काढ, आणि फाईलमध्ये लिहिणे अर्ध्यावर असताना केबल निघाली तर त्या प्रोग्रॅमला नेमके कोणते उत्तर मिळेल, ते ठरवून मला कळव.

तुझी आई