मंत्रिमहोदय, फवारणीच्या चष्म्याला आरपार भोकं कशाला?

मा. कृषिमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

फवारणीआधी चांगलं सुरक्षा किट देऊ, असा शब्द होता. किट आलं. त्यातल्या चष्म्याच्या कडेला सरळ आरपार भोकं आहेत. उडणारा खडा तो अडवेल, पण पाठीवरच्या पंपाचा तुषार त्याच भोकांतून डोळ्यात जातो.

मुळात कीटकनाशक नियम 1971 मधल्या नियम 39 मध्येच 'धूळरोधक' चष्मा लिहिलाय. धूळ वेगळी, औषधाचा थेंब वेगळा. युरोपीय मानकात चष्म्याच्या फ्रेमवर आकडा असतो: 3 म्हणजे थेंब, 4 म्हणजे जाड धूळ, 5 म्हणजे वायू. आम्हाला 3 पाहिजे, आणि हवेची छिद्रं झाकणाआडून वळून जाणारी पाहिजेत. छिद्रंच नसली तर ऑगस्टच्या उकाड्यात आतून वाफ धरते, पऱ्हाटीची म्हणजे कपाशीची ओळ दिसत नाही, मग माणूस चष्मा कपाळावर सरकवतो. म्हणून काचेला आतून वाफरोधक लेप हवा. कड मऊ रबराची द्या. स्पंज औषध पितो आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतो. काच साबणाच्या पाण्यानं धुवायची, दुपट्ट्यानं कोरडी घासली की लेप जातो. काढताना आधी हातमोजे धुवायचे, मग चष्मा मागच्या पट्ट्यानं ओढायचा. हे किटमधल्या कागदावर मराठीत एका ओळीनंही नाही.

फवारणीतली ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं आणि युद्धातले नर्व्ह गॅस, म्हणजे मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषं, एकाच कुळातले. टॅबून हा विषारी वायू 1936 साली जर्मनीत कीटकनाशक शोधतानाच सापडला. सैनिकाला त्यासाठी डोळ्यांसकट अख्खा चेहरा झाकणारा मास्क देतात. आमच्या मजुराला भोकाचा चष्मा! थेंब गेला तर पापण्या ताणून 15 मिनिटं स्वच्छ पाणी सोडावं लागतं. वावरात तेवढं पाणी कोण ठेवतं? बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, नजर अंधुक झाली, की औषधाचा डबा घेऊन दवाखाना गाठायचा, आणि तो गावापासून किती लांब असतो ते आपण जाणता.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त माणसं गेली. तेव्हा बोल लागला तो किट न वापरणाऱ्यांनाच. किट कसलं होतं, हे कोणी पाहिलं? खरेदी होते ती सगळ्यात कमी दर पाहून, आणि दर ठरवणाऱ्यानं कधी पंप पाठीवर घेतलेला नसतो. विषाची बाटली मात्र गावागावांत सहज मिळते. बाटली पोहोचवता येते, तर धड चष्मा का नाही?

पऱ्हाटी कमरेला लागली आहे. पुढची फवारणी पंधरा दिवसांवर आहे. त्याआधी हे चष्मे परत घ्या आणि 3 आकड्याचे द्या. चष्म्याचा नंबर असलेल्यांसाठी वरून घालता येतील असे मोठे वेगळे द्या. आणि नियम 39 मधला तो एक शब्द बदला.

आपले,
विदर्भातले फवारणी करणारे शेतकरी-शेतमजूर