भूक मारण्याचा योग कोणी शिकवला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या महिला पुरवणीत योगाने भूक आपोआप कमी होते आणि २१ दिवसांत पाच किलो वजन उतरते, असे चौकटीत ठळक छापले आहे. मी बरीच वर्षे बायकांचे योगवर्ग घेते. ही चौकट कापून कोणीतरी माझ्या वर्गात घेऊन येणार, हे मला ठाऊक आहे. याआधीही अशी कात्रणे आलेली आहेत. म्हणून संतापाने लिहिते आहे. भाषा कडक वाटली तर क्षमा असावी.

असेच एक कात्रण वाचून आमच्या वर्गातल्या एका काकूंनी जेवण सोडले होते. वय साठीच्या आसपास, वजन जास्त, मधुमेहाची गोळी चालू. ताडासनात हात वर घेतले आणि त्यांचा तोल गेला. धरून भिंतीशी बसवले तर कपाळावर घाम डवरलेला, हात थंडगार, बोलताना जीभ जड झालेली. ‘काकू, सकाळी काय खाल्लंत?’ असे विचारले तर म्हणाल्या, ‘काही नाही गं ताई. काल दुपारपासून लिंबूपाण्यावर आहे. गोळी तेवढी घेतली. भूक मेली की वजन उतरतं, असं पेपरात आलं होतं ना!’

साखरपाणी पाजले, हळूहळू तरतरी आली, मग सुनेला बोलावून त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. साखर खाली गेली होती. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन पोटात अन्न गेले नाही तर साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. आपल्या कालच्या अख्ख्या पानभर लेखात याबद्दल एक ओळ नाही. काकू घरी एकट्या असताना पडल्या असत्या तर? हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

लेखात ‘प्राचीन शास्त्र’ हा शब्द सारखा येतो. मग त्या शास्त्रात काय आहे तेही पाहायला हवे होते. हठयोगप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथात मत्स्येंद्रासन आणि मयूरासन यांनी जठराग्नी प्रदीप्त होतो, असे सांगितले आहे. म्हणजे भूक चांगली लागते! पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवून जेवावे, हा त्यातला मिताहार. उपवासासारखे शरीराला क्लेश देणारे प्रकार साधकाने टाळावेत, हेही त्याच ग्रंथात आहे. लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंस्थेत स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योग प्रयोगशाळेत तपासायला घेतला. त्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्राने शंभर वर्षांनी इतके बेजबाबदार छापावे, याचे वाईट वाटते.

आता वजनाचा हिशेब. सत्तर किलोच्या बाईने तासभर साधी आसने केली तर ढोबळमानाने १७५ कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ७० ती नुसती बसून राहिली असती तरी गेल्याच असत्या. उरल्या शंभराच्या आसपास, म्हणजे तूप लावलेली एक पोळी. तासभर भरभर चालण्यात हा जास्तीचा खर्च दुपटीहून अधिक होतो. यातून २१ दिवसांत पाच किलो कसे उतरतील, हे लेखिकेने मांडून दाखवावे. योगाने काहीच होत नाही, असे मी म्हणत नाही. जर्मनीत पोटाचा घेर जास्त असलेल्या ६० बायकांवर झालेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांनी योग करणाऱ्यांचा घेर न करणाऱ्यांच्या तुलनेत पावणेचार सेंटिमीटरच्या आसपास कमी झाला होता. पदरात पडते ते असे, आणि त्याला तीन महिने लागतात.

भुकेबद्दल लिहायचे होते तर आमच्या बायका कधी आणि काय खातात, हे विचारायचे होते. सकाळी सगळ्यांचे डबे भरायचे, स्वतः चहाबरोबर दोन बिस्किटे. रात्री सगळ्यांची पाने झाली की कढईतली उरलेली भाजी, नातवाने अर्धवट टाकलेला वरणभात, सकाळची पोळी वाया जाऊ नये म्हणून ती. ही भूक नसते, अन्न टाकवत नाही म्हणून खाल्लेले असते. शिवाय दिवसभराचा ताण आणि अपुरी झोप यांनीही गोड-तळलेल्याची ओढ वाढते. माझ्या वर्गात प्राणायाम आणि शवासन नियमाने करणाऱ्या काही जणींचा एवढा फायदा झालेला मी पाहिला आहे, की फरसाणाच्या डब्याकडे हात गेला तर तो भुकेने गेला की वैतागाने, हे त्यांना कळू लागले. एकीने तर घरात सांगून टाकले, ‘मी आता सगळ्यांबरोबरच जेवायला बसणार.’ तिचे वजन थोडेसेच उतरले. पण रात्रीचे जळजळणे थांबले, झोप लागू लागली, गुडघा धरून जिना चढणे सुटले. हे छापा ना!

आणि लेखासोबतचा तो फोटो. समुद्रकिनारी, विशीतली, सडपातळ मुलगी! आमच्या वर्गातल्या बाया गाऊनवर ओढणी घेऊन येतात, खाली बसताना खुर्चीचा आधार घेतात. त्यांच्यातल्या एकीचा फोटो छापला असता तर चार जणी आणखी आल्या असत्या.

येणार कुठे, हाही प्रश्नच आहे. आमच्या प्रभागातले समाजमंदिर २१ जूनला, योगदिनाच्या फोटोपुरते झाडून मिळते. एरवी लग्नसराईत आम्हाला न कळवता कुलूप लागते आणि बायका चटया घेऊन दारातून परत जातात. आपल्या बातमीदाराला एकदा सकाळी सहाला पाठवावे.

माझे सगळे पत्र छापू नका, जागा नसेल. पण मधुमेहाची गोळी चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण बंद करू नये, एवढे तरी त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, येत्या आठवड्यात छापावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक योगशिक्षिका, नाशिक