बाबांच्या खोकल्याच्या बाटलीबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

यंदा गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला येणं जमत नाही. फोनवर बाबा ‘काही नाही गं’ म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहितेय.

आईने बाटलीचा फोटो पाठवला. बाबा, त्या खोकल्याच्या औषधात कोडीन आहे, दर 5 मिलीत 10 मिग्रॅ, आणि सोबत क्लोरफेनिरामाइन, म्हणजे सर्दी-अ‍ॅलर्जीचं गुंगी आणणारं औषध. कोडीन अफूच्या घराण्यातलं. यकृतात त्यातल्या थोड्याचं मॉर्फीन होतं. कुणाच्या अंगात जास्त, कुणाच्या जवळजवळ नाहीच. म्हणून शेजारच्या काकांना काही झालं नाही, यावर विसंबू नका. रात्र रात्र उबळ येत होती तेव्हा चार दिवसांपुरतं ते ठीकच होतं. पण तुम्ही दिवाळीपासून रोज झोपताना घेताय!

पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल, लघवी अडते म्हणून प्रोस्टेटची काळजी, सकाळी तोल जातो म्हणून कॅल्शियम. अहो, ही तिन्ही दुखणी त्या एका बाटलीतून येऊ शकतात. प्रोस्टेट दाखवाच, पण डॉक्टरांसमोर बाटली ठेवून.

आई, तुझी झोपेची गोळी त्यांना अर्धीसुद्धा देऊ नकोस. अल्प्राझोलाम आणि कोडीन एकत्र गेलं की श्वास मंदावतो. हाका मारून, हलवूनही ते जागे झाले नाहीत, तर सकाळची वाट न बघता 108 लाव.

2014 पासून कोडीन शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठी बघायची, वहीत पेशंटचं नाव लिहायचं, असा नियम आहे. चौकातला दुकानदार न विचारता देतो, तो काही तुमच्यावरच्या मायेने नव्हे.

मात्र मनाने एकदम बंद करू नका. इतके दिवस रोज घेतल्यावर अचानक सोडलं की घाम येतो, जीव घाबरा होतो, झोप उडते. डॉक्टर हळूहळू कमी करतील. आणि रक्तदाबाची गोळीही सोबत न्या. तुम्ही खोकला यंत्रमागावरच्या रुईच्या माथी मारता, पण त्या गोळीतल्या रॅमिप्रिलनेही असा कोरडा खोकला लागतो, आणि ती सुरू झाल्यावरच तुमचा वाढला ना? तीही स्वतःहून थांबवायची नाही. डॉक्टर बदलून देतील.

तोवर बाटली वरच्या फळीवर ठेवा. सुट्टीत पोरं येतील. 12 वर्षांखालच्यांना कोडीन देत नाहीत, ती कितीही खोकली तरी.

तुमची,
मनू