रत्नागिरीच्या सुतारकाकांना, डंकर्कच्या बोटीकडून

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

बोटीच्या दुरुस्तीबद्दल फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "ऱ्हाऊं दे गो" म्हणून पावसापाण्याचा विषय काढता. म्हणून हे जाहीर पत्र. चारचौघांत तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात, मे 1940 मध्ये, जर्मन सैन्यामुळे ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडल्या गेल्या. तिथलं पाणी लांबवर उथळ, त्यामुळे युद्धनौका किनाऱ्याला लागत नव्हत्या. त्याआधी 14 मे रोजी ब्रिटिश आरमाराने बीबीसीवरून 30 ते 100 फुटांच्या खासगी मोटरबोटींची माहिती मालकांकडून मागवली होती. सुट्टीच्या दिवशी थेम्सवर हिंडणाऱ्या त्या हौशी बोटी मग गळ्याइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या सैनिकांना उचलून मोठ्या जहाजांवर सोडू लागल्या. टायटॅनिकवरून वाचलेले अधिकारी लाइटोलर आपली 58 फुटी 'सनडाउनर' स्वतः घेऊन गेले आणि तिच्यावर सुमारे 130 माणसं कोंबून परतले. 26 मे ते 4 जून या दिवसांत एकूण 3,38,226 सैनिक सुटले. बहुतेक जण मोठ्या जहाजांतून आले हे खरं, पण त्या जहाजांपर्यंत कित्येकांना या चिमुकल्यांनीच पोचवलं.

त्यांतलीच एक, 42 फुटी, सागवानी फळ्यांची आणि ओकच्या बरगड्यांची, इंग्लंडमधल्या मेडवे नदीकाठच्या शेडमध्ये आमच्यासमोर उभी होती. मालकांना प्रसिद्धी नको, म्हणून नाव लिहीत नाही. तिची दशा तुम्हाला आठवत असेल. कुठल्याशा जुन्या मालकाने गळती थांबवायला बाहेरून फायबरग्लास चढवलं होतं. गळती थांबली, पण आत शिरलेलं पावसाचं पाणी अडकलं आणि लाकूड आतल्या आत कुजलं. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी लाकडाचा मोठा वैरी, हे मी तुमच्याकडून शिकले.

पाहणीला आलेल्या तज्ज्ञाचं म्हणणं होतं की सगळ्या फळ्या काढून नव्या बसवा. काम लवकर होईल, खर्चाचा अंदाजही नीट बांधता येईल. तुम्ही मुलीकडे राहायला आला होता, शेडमध्ये नुसते बघायला म्हणून आलात आणि पटाशी मागितलीत. एकेका फळीला टोचत, मुठीने ठोकत, आवाज ऐकत पुढे गेलात. खडूने खुणा केल्यात. कुजलेला भाग होता बुडाशी आणि नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी. बाकीचं लाकूड ठणठणीत. "सगळी फळी कशाला? तुकडा जोडू," एवढंच म्हणालात. आधी मालक गप्प झाले, मग तज्ज्ञ.

इथे माझं मत सांगते. दुरुस्तीच्या नावाखाली सगळंच नवं केलं, तर उरते ती जुन्या बोटीची नक्कल. कधी कधी इलाज नसतो. इथल्याच 'मेडवे क्वीन' या डंकर्कला गेलेल्या आगबोटीचा लोखंडी सांगाडा ब्रिस्टलला नव्याने बांधावा लागला आणि त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही. पण आपल्या बोटीला इलाज होता, आणि तो दिसायला आयुष्यभर मच्छीमारी बोटी बांधलेला माणूस लागला.

तांब्याचे खिळे बसवतानाचे दिवस मला सगळ्यांत प्रिय. बाहेरून खिळा ठोकायचा, त्याच्या डोक्यावर मी जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि तुम्ही सत्तरी उलटलेले, आत बुडाशी आडवे पडून टोकावर तांब्याची चकती चढवणार, जादा टोक छाटणार, मग हलक्या हातोडीने बारीक बारीक ठोके देत ते चकतीवर पसरवणार. मधे फळी, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. ठोकळा जरासा हलला की आतून "झोपलीस काय गो?" अशी हाक यायची. मालकीणबाईंना त्याचा अर्थ मी कधी सांगितला नाही.

आणि तो राखाडी रंग! केबिनच्या बाजूचे थर खरवडताना पांढऱ्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा पांढरा आणि मग युद्धकाळातला आरमारी राखाडी निघाला. मी पुढे खरवडणार तोच तुम्ही हात धरलात. तेवढा वीतभर तुकडा आता तसाच वार्निशखाली राखला आहे. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिथेच बोट ठेवतो.

त्या दिवशी चहाला तुम्ही विचारलंत, "आपलं कोण होतं का तिथे?" होते, काका. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर या हिंदी सैन्याच्या रसद विभागाच्या खेचर तुकड्या होत्या, बहुतेक पंजाबी मुसलमान. जनावरं मागे सोडून त्यांना डंकर्कहून निघावं लागलं. आपल्या बोटीत त्यांच्यापैकी कोणी चढलं का, हे सांगणारा कागद नाही. तुम्ही मात्र ऐकून घेतल्यावर विचारलंत ते खेचरांचं काय झालं हेच.

बोट पाण्यात उतरवल्यावर सांध्यांतून पाणी आलं तेव्हा आमचे चेहरे उतरले होते. तुम्ही फोनवर हसलात: "फळ्या पिऊं देत पाणी, फुगल्या की बसतील." पंप चालू ठेवला. बसल्या.

या बोटींचा ताफा साधारण दर पाच वर्षांनी डंकर्कला जातो. 2025 च्या मे महिन्यात रॅम्सगेटहून गेला, तेव्हा आपली अजून शेडमध्येच होती. 2030 ला जायचा बेत आहे आणि मालकांनी तुमची जागा आत्ताच धरून ठेवली आहे. ताईला मी पटवते. तुम्ही बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्या आणि पासपोर्टची मुदत बघून ठेवा.

तुमची,
ठोकळा धरणारी