पल्ल्याच्या आकड्यावर किनारा राखता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उथळ पाण्यासाठीच्या पाणबुडीविरोधी युद्धनौकांवरचा आपला लेख वाचला. अशा नौका हव्यातच. पण सोनारचा, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, पल्ला अमुक किलोमीटर, म्हणून तेवढा किनारा सुरक्षित, हा त्यातला हिशेब पटला नाही. मी बरीच वर्षे सोनारचे हेडफोन लावून बसलो आहे. खोल समुद्रातला पल्ला किनाऱ्याजवळ टिकत नाही.

शंभर मीटरहून कमी खोलीत सोडलेला ध्वनी तळावर आपटतो, पृष्ठभागावर आपटतो, पुन्हा तळावर. परत येतो तो नुसता गलका. त्यात मासेमारी नौकांची इंजिने. खडकाळ तळाजवळ तर नांगी वाजवणाऱ्या बारीक कोळंब्यांचा आवाज वाळक्या काटक्या पेटल्यासारखा अखंड तडतडत राहतो. दुपारी वरचे पाणी तापले की ध्वनी खाली वळतो आणि सकाळी स्पष्ट मिळालेला प्रतिध्वनी हरवतो.

डिझेल-विद्युत पाणबुडी मोटर थांबवून तळावर टेकली, की काम फार कठीण होते. ती हलत नाही, त्यामुळे प्रतिध्वनीचा स्वर बदलत नाही. खडक आणि पाणबुडी सारखेच वाटतात. चुंबकीय शोधयंत्र बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यावरही तसाच इशारा देते. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याने संशयित प्रतिध्वनींवर भरपूर शस्त्रे खर्च केली. अर्जेंटिनाची ‘सान लुईस’ पाणबुडी मात्र सुखरूप परतली.

म्हणून खरी तयारी शांततेच्या काळात व्हायला हवी. तळावरचा प्रत्येक मोठा खडक, प्रत्येक बुडालेले जहाज नोंदवलेले असावे. ऋतूनुसार पाण्याचे तापमान आणि खारटपणा मोजलेला असावा. काल नकाशात नसलेली वस्तू आज दिसली, तरच संशयाला आधार मिळतो. शोधाची पद्धतही बदलावी लागते. जहाजाने स्वतः जवळ जाणे म्हणजे पाणबुडीने पाण्याखालून सोडलेल्या टॉर्पेडोच्या तोंडी जाणे. आधी हेलिकॉप्टरने पाण्यात सोनार सोडून पाहावे, जहाजाने अंतर राखावे. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपली युद्धनौका ‘खुकरी’ पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली, १९४ जण गेले. २६ मार्च २०१० ला कोरियाच्या किनाऱ्याजवळ दक्षिण कोरियाच्या ‘चोनान’ युद्धनौकेसह ४६ नौसैनिक गेले. हे आकडे मी कधी विसरू शकलो नाही.

आणि सोनारचालकाला एका पाण्याची ओळख झाली, की त्याला तिथेच राहू द्यावे. नव्या नौकांची बातमी देताना तिथल्या तळाचे सर्वेक्षण शेवटचे कधी झाले, हेही आपल्या वार्ताहरांनी विचारावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सोनारचालक