पडल्यावर कळवणारे घड्याळ आणि पडताना वाचवणारी गादी

महोदय,

वृद्धांच्या पडण्याची सूचना देणाऱ्या घड्याळांच्या जाहिराती हल्ली सगळीकडे दिसतात, म्हणून घरचा अनुभव कळवते. पुण्यातल्या नातवाने आजीसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी, असे घड्याळ पाठवले होते. गेल्या पावसाळ्यात रात्री परसातल्या संडासाकडे जाताना त्या ओल्या फरशीवर घसरल्या व खुब्याचे हाड मोडले, तेव्हा ते घड्याळ देवळीत चार्जिंगला होते. 'झोपतांना घड्याय कोन घालस माय?' हे त्यांचे उत्तर मला आजही खोडता येत नाही.

एका प्रसिद्ध कंपनीच्या घड्याळात ही सोय २०१८ पासून आहे. हाताला बसलेला हिसका त्यातील संवेदक ओळखतात आणि माणूस सुमारे मिनिटभर हलला नाही, तर मदतीसाठी फोन जातो. एकट्या राहणाऱ्यांना त्याचा आधार आहेच. परंतु फोन जातो तेव्हा हाड मोडून गेलेले असते. परदेशात कमरेला बांधायचा एअरबॅगचा पट्टाही निघाला आहे. तोल जाताच, एका सेकंदाच्याही आत, तो खुब्याभोवती फुगतो. मात्र त्यालाही चार्जिंग लागते आणि त्याची किंमत आपल्याकडच्या पेन्शनीत बसणारी नाही.

या दोहोंच्या आधीपासून एक साधी वस्तू आहे: दोन्ही खुब्यांवर गाद्या बसवलेली आतली चड्डी. पडल्यावरचा मार हाडावर एकवटू न देता ती तो आजूबाजूच्या स्नायूंवर पसरवते, आणि ती घालून झोपताही येते. वृद्धाश्रमांतील पाहण्यांत तिने खुब्याची मोडतोड काहीशी कमी केल्याचे आढळले. घरी राहणाऱ्यांत मात्र तसा स्पष्ट फायदा दिसला नाही, आणि याचे एक मोठे कारण म्हणजे लोक ती नेमाने घालतच नाहीत. यात नवल ते काय? मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या जळगाव-भुसावळकडे फोमची जाड चड्डी लुगड्याखाली कोण घालील?

म्हणूनच माझी सूचना शिवणकामाची आहे. सुती कापडाच्या, धुण्यासाठी गाद्या काढता येतील अशा, लुगड्याखाली किंवा धोतराखाली फुगणार नाहीत अशा चड्ड्या तज्ज्ञांकडून मापे व गाद्यांची जाडी ठरवून घेऊन इथल्याच महिला बचत गटांना शिवता येतील. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र वृद्धांना साहाय्यक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. त्या यादीत वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा आहे. त्यातच खुब्याच्या गाद्यांचीही नोंद व्हावी, आणि जळगाव, धुळे व नंदुरबारच्या समाजकल्याण कार्यालयांनी तसा प्रस्ताव शासनाकडे पाठवावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)