उताराला दुसरा गिअर

पिट्सबर्ग,
रविवार रात्र

प्रिय भावा,

माझ्या ऑटोमॅटिक गाडीचे गिअर आता मीच हातानं टाकतो, हे सांगितल्यावर परवा फोनवर तू विचारलंस, "ऑटोमॅटिकला हातानं गिअर टाकायचे, तर मग ती ऑटोमॅटिक कसली?" तेव्हा मी कामावर होतो, धड बोलता आलं नाही. आज सगळं सविस्तर लिहितो.

गाडी तुला फोटोत माहीत आहेच, १९७२ ची शेव्हरले नोव्हा. तिला टर्बो हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स आहे, जनरल मोटर्सनं १९६९ पासून वापरलेला. तू म्हणशील, सरळ क्लचचा बॉक्स का बसवला नाहीस? डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला क्लच दाबवत नाही रे. पण कुठला गिअर कधी पडायचा हे मात्र मला माझ्याच हातात हवं होतं. आणि त्याचं कारण तुमचे अण्णा आहेत. करूळ घाटात जीप शिकवताना त्यांनी मला एकच गोष्ट दहा वेळा सांगितली होती, "ज्या गिअरात घाट चढलास, त्याच गिअरात उतर." इथं ते रोज आठवतं. या गावातली कँटन अ‍ॅव्हेन्यू ३७ टक्के चढाची आहे, म्हणजे शंभर फूट पुढं गेलास की सदतीस फूट वर. माझ्या नोव्हाला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. उतारावर ते तापले की धरत नाहीत, हे तुला मी सांगायला नको.

आता आतली गंमत ऐक. या बॉक्समध्ये कॉम्प्युटर नाही, सगळा कारभार ऑइलच्या प्रेशरचा. मागं शाफ्टवर गव्हर्नर असतो, तो गाडीचा वेग सांगतो. बाजूला व्हॅक्युम मॉड्युलेटर असतो, तो इंजिनाच्या व्हॅक्युमवरून लोड ओळखतो. शिफ्ट व्हॉल्व्हला एका टोकाकडून गव्हर्नरचं प्रेशर ढकलतं, दुसऱ्या टोकाकडून स्प्रिंग आणि लोडचं प्रेशर. ज्याचा जोर जास्त तिकडं व्हॉल्व्ह सरकतो, ऑइलची वाट बदलते आणि पुढचा गिअर पडतो. म्हणूनच चढावर पाय जरा हलका केला की गाडी वरच्या गिअरात जायची, दाबला की परत खाली. मूळ बॉक्समध्ये दांडा २ वर ठेवला तरी गाडी सुटते पहिल्यातच, आणि वेगात १ वर ओढला तर वेग उतरेपर्यंत दुसराच देते.

हे सगळे व्हॉल्व्ह आणि ऑइलच्या वाटा ज्या ठोकळ्यात असतात ती व्हॉल्व्ह बॉडी. ती मॅन्युअल करायचं किट मिळतं, त्यानं ही रस्सीखेच बंद होते. गव्हर्नर जागेवरच राहतो, पण त्याचं प्रेशर शिफ्ट व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. दांडा सांगेल तोच गिअर. इंजिनाचा जोर ऑइलमधून बॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर तसाच असल्यामुळं सिग्नलला गाडी बंद पडत नाही, डावा पाय मोकळा. तुझ्या गॅरेजात येणाऱ्या एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) गाड्यांपेक्षा हे पूर्ण वेगळं. तिथं साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं.

किट घेताना एक गोष्ट मी हट्टानं बघितली. रेसवाल्यांच्या बऱ्याच किटमध्ये दुसऱ्या गिअरचा बँड, म्हणजे आतल्या ड्रमला आवळून धरणारा पट्टा, लागतच नाही. गाडी पळते झकास, पण ॲक्सिलरेटर सोडला की दुसऱ्यात इंजिन गाडीला धरत नाही, मोकळी सोडतं. असलं किट मला फुकट दिलं तरी नको होतं. दुसऱ्यात बँड लागणारंच शोधलं, त्यात दोन महिने गेले.

काम गाडीखाली झोपूनच केलं. बॉक्सच्या तळाच्या ऑइल पॅनला ड्रेन प्लग नसतो. तेरा बोल्ट. एका बाजूचे ढिले करून पॅन तिरका केला, लाल ऑइल बादलीत सोडलं, तरी कोपरापर्यंत हात माखलेच. व्हॉल्व्ह बॉडी खाली घेतल्यावर तिच्यावरची छिद्रांची सेपरेटर प्लेट सुटली आणि वरच्या खाचांतल्या स्टीलच्या गोळ्या टपटप पडल्या. पाव इंची, चार. तीन हाती लागल्या, चौथीसाठी अख्खं गॅरेज चुंबकानं झाडलं. सापडली ती माझ्याच बाहीच्या दुमडीत. बसवताना किटच्या कागदात होत्या तेवढ्याच गोळ्या व्हॅसलिननं वर चिकटवल्या, मग नवी प्लेट, नवी गॅस्केट.

पहिल्या दिवशी सिग्नलला थांबलो आणि निघताना गाडी ओढेचना. दांडा तिसऱ्यातच राहिला होता! आधी बॉक्स स्वतः खाली यायचा, आता ते काम माझं. तसंच रेटलं तर कन्व्हर्टरमधलं ऑइल तापतं, म्हणून पुढं वेगळा कूलरही बसवला. दुसरी भीती मोठी आहे. ताशी ६० मैलांना माझं इंजिन तिसऱ्यात २४०० फेरे घेतं, दुसऱ्यात ३६००, आणि चुकून पहिला पडला तर ६०००. बॉक्समधला ड्रमसुद्धा त्या वेगात फुटू शकतो, आणि अडवायला आता आत कोणी नाही. दुसऱ्यातून तिसरा टाकताना दांडा न्यूट्रलमध्ये निसटायचीही भीती असते. रेसवाले त्यासाठी क्रमच उलटा करून घेतात, तिसरा सगळ्यात मागं. मी क्रम तोच ठेवला आणि प्रत्येक घरात अडकणारा रॅचेटचा दांडा बसवला.

मागच्या शनिवारी युनियनटाउनजवळचा समिट माउंटन उतरलो, हायवे ४० वरून. ट्रकवाल्यांना तिथं खालच्या गिअरात उतरायचे बोर्ड आहेत. वरच दुसरा टाकला. इंजिनाचा आवाज भरला, काटा २४०० च्या आसपास, वेग चाळिसाला धरलेला. संपूर्ण उतारात ब्रेकला पाय लावला तो तीनदा. खाली उतरून गाडी थांबवली आणि पुढच्या चाकाला हात लावून बघितला, अण्णा लावायचे तसाच. हात ठेवता येत होता. भावा, माझे डोळे भरून आले.

आता बर्फाची वाट बघतोय. घसरड्या रस्त्यावर गाडी सरळ दुसऱ्यातून सोडता येईल, चाक जागेवर पटकन फिरणार नाही.

मे महिन्यात येतोय. जुनी सेपरेटर प्लेट बॅगेत टाकून आणतो. उद्यमनगरात तुझ्या टेबलावर ठेवून एकेक छिद्र कुठल्या वाटेचं ते बघू. अण्णांना माझा नमस्कार सांग, आणि त्या उताराचं हे पान तेवढं त्यांना वाचून दाखव. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
करूळ घाटातला जोडीदार